न धडधडलेलं इंजन

या मंडळी, अशी जवळ सरका. देवीचं नाव घेऊन अणदूरच्या शिवारातली एक गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर शेजारच्याचा हात धरा.

निजामी जाऊन काही वर्षं लोटली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुळजापुरात राघवेंद्ररावांच्या ओसरीवर शरणम्मा येऊन बसली. राघवेंद्रराव खासगी तपास करीत. जोडीला कीर्तनवेडे अंबादास मास्तर असत. शरणम्माचा नवरा बंडप्पा हा नळदुर्गचा इंजन-मिस्त्री. त्याला पोलिसांनी चावडीत बसवलं होतं.

अणदूरचा बलभीम आदल्या संध्याकाळी विहिरीत मेला होता. थोरला भाऊ कोंडीराम सांगत होता, मिस्त्रीनं पाण्याचं इंजन वाकडं जोडलं, ते उधळलं, अन् पट्ट्यानं बलभीमला ओढून आत फेकलं.

“माझ्या माणसानं ते जोडलंच न्हाय,” शरणम्मा म्हणाली. “नवमीला खोललं अन् सणाला घरी आला. पर त्याचं कोण ऐकतंय? तो जेलात गेला की आमचं घर बसलं बघा.”

चावडीत बंडप्पानंही तेच सांगितलं. म्या आल्याबिगर हात लावू नका, असं तो बजावून आला होता. पण बलभीमला धीर कुठला. मागच्या साली त्यानं मिस्त्रीला दोन दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवताना पाहिलं होतं.

मग राघवेंद्रराव अन् मास्तर विहिरीवर गेले. पाणी काळं, हलत नव्हतं. काठावर एक पाखरू नव्हतं. पाटातल्या धुळीनं मास्तरांचे पाय माखले. त्यांनी इंजनाचं हँडल फिरवलं, तर ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं.

“तेलपाणी झकास केलंय,” मास्तर कौतुकानं म्हणाले.

बलभीमची बायको तुळजाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ उघडं. खंडेनवमीला विळा-कुदळीसोबत खोललेल्या इंजनाचीही तिनं पूजा केली होती. जिथं हात पोचला तिथं तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावलं होतं, असं ती सांगत होती.

कोंडीरामचं शेत बांधालगतच. विहीर दोघांची. त्याचा ऊस पिवळा पडला होता.

“इंजन धडधडत व्हतं,” तो म्हणाला. “तासभर म्या कानानं ऐकलं. त्या आवाजात बलभीमची हाक ऐकू येणार कशी?”

“नक्की ऐकलंत?”

“देवीची आण.”

देवीची आण मास्तर हलकी धरत नसत.

राघवेंद्ररावांनी जमादाराला अन् बंडप्पाला विहिरीवर बोलावलं. बंडप्पानं बाजूचं झाकण काढलं. हँडल हळू फिरवलं, तशी आतल्या दोन चाकांवरची कुंकवाची बोटं बरोब्बर समोरासमोर आली. कारखान्यात ठोकलेल्या खुणा मात्र कुठल्या कुठं राहिल्या होत्या.

“मिस्त्री कुंकू बघून चाकं जुळवील काय?” राघवेंद्रराव म्हणाले. “ठोकलेल्या खुणा काजळीखाली झाकलेल्या. बलभीमला कुंकूच दिसलं, त्यानं तेच जुळवलं. मास्तर, इंजनानं हवा ओढायची, कोंडायची, पेटवायची अन् सोडायची. चाकं चुकीची जुळली अन् कोंडायच्या वेळी व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, उघडी राहिली तर कोंडणार काय? म्हणून हँडल तुमच्या हाताला लोण्यासारखं लागलं. चांगल्या इंजनाचं हँडल हाताला झटका देतं. हे इंजन सुरूच झालं नाही. झालं असतं तर तेलानं कुंकू धुऊन नेलं असतं, अन् पाटात धुळीऐवजी चिखल असता.”

मग ते कोंडीरामकडे वळले. “जे धडधडलंच नाही ते तुम्ही तासभर ऐकलंत. दादा, असं का सांगावं लागलं?”

कोंडीराम विहिरीच्या काठावर खाली बसला.

“त्याचं इंजन लागलं असतं तर माझ्या पाण्याच्या पाळीला इहिरीत नुसता तळ उरला असता,” तो म्हणाला. “तो वाकून हँडल मारीत व्हता. म्या मागनं...”

जमादारानं त्याचा दंड धरला.

तुळजाबाई हुंदका गिळून म्हणाली, “माझ्या कुंकवाच्या बोटानंच त्यांना इथं हँडल मारत अडकवून ठिवलं.”

त्याच कुंकवानं सुटलेला बंडप्पा चालत तिच्यापाशी गेला, खाली बसला अन् तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या संध्याकाळी तो आपल्या घरी गेला.

मंडळी, तुम्ही सुटलेल्याचा आनंद कराल, करा. पण भजन संपल्यावर टाळ खाली ठेवून हात जोडाल तेव्हा त्या विधवा माउलीची आठवण ठेवा. चूक तुझी नाही, असं तिला समजावणारं कुणी भेटलं की नाही, ते मला ठाऊक नाही.