थोरल्या बाईंची कार्डं

शब्दकोशाच्या कार्यालयात सकाळचं पहिलं काम म्हणजे ट्रे रिकामा करणं. तळहाताएवढी जाड कार्डं, एका कार्डावर एक शब्द. वर डावीकडे शब्द, त्याखाली अर्थ, मग तो शब्द कुणीतरी खरोखर वापरलेलं एक वाक्य आणि तळाशी कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला. धाकट्या बाई ती कार्डं जुन्या आवृत्तीशी ताडून बघायच्या आणि अर्थ सरकला असेल तिथे तांबड्या पेन्सिलीनं खूण करायच्या. अर्थ सरकतातच. शिक्षा म्हणजे एके काळी शिकवण होती, घृणा म्हणजे दया. कुणी बसून ठरवत नाही. कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा वेगळं निघतं, समोरच्याला कळतं, आणि झालं.

'धाकट्या' हे कार्यालयानं पाडलेलं नाव, कारण थोरल्या बाईही होत्या. आता त्यांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती आणि शिपाई तिच्यावर आपला डबा ठेवायचा.

थोरल्या बाईंनी तीस वर्षं वाक्यं गोळा केली. पुस्तकांतून कमी, माणसांच्या तोंडून जास्त. बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर त्या कान देऊन बसायच्या आणि पर्समधून कार्ड काढायच्या. मग मुख्य संपादकांना, म्हणजे साहेबांना, दोघींपैकी एकीचीच जागा ठेवायची वेळ आली. त्यांनी थोरल्या बाईंची कार्डं तपासायला धाकटीकडे दिली आणि नुसतं म्हणाले, "असं कुणी बोलतं का हो? बघा जरा."

धाकटीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि ती स्वतः अजून नोकरीत कायम व्हायची होती. तिनं कार्डांच्या गठ्ठ्यावर टिपण लिहिलं: उदाहरणे बनावट वाटतात.

त्या गठ्ठ्यात 'बेकार'चं कार्ड होतं. अर्थ: अतिशय. 'काल आम्ही बेकार हसलो.' कॉलेजातली मुलगी, बसथांबा. ती मुलगी हे बोलली तेव्हा धाकटी थोरल्या बाईंच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. दोघी हसल्याही होत्या.

जाताना थोरल्या बाईंनी आवाज चढवला नाही. आपली छत्री, चष्म्याचं घर, दोन पेनं पर्समध्ये टाकली. "मी वाक्यं बनवत नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहून ठेवते. बोलतात लोक."

सात महिन्यांनी, एका शनिवारी, ट्रेमध्ये त्यांच्या अक्षरातलं कार्ड निघालं.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. थोरल्या बाई आधी अख्खं वाक्य लिहायच्या आणि मग वरून एकाच दमात शिरोरेघ ओढायच्या, त्यामुळे त्यांचे शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे एकमेकांना लागून असायचे. शाई ताजी होती.

गोड. अर्थ: ज्याची भीती वाटते ते. 'आई, उचल मला, कुत्रा गोड आहे.' मुलगी, वय तीन. जिन्यात.

खाली सोमवारची तारीख होती. येत्या सोमवारची.

"ट्रे कुणी भरला?" तिनं शिपायाला विचारलं.

"मीच. काल संध्याकाळी. का हो, काय कमी आहे?"

"कमी नाही."

"मग जास्त असेल तर साहेबांना सांगू नका, ते त्याचंही काम लावतील."

ती हसली आणि कार्ड खणात सरकवलं. जुनं असेल, कुठल्या तरी फायलीतून घसरलेलं. तारीख चुकली असेल. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तूच लिहिलं असशील आणि विसरली असशील. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई तू."

सोमवारी संध्याकाळी ती ठकीला पाळणाघरातून घेऊन आली. ठकी म्हणजे तिची मुलगी. बाहुलीसारखी दिसते म्हणून जन्मल्या दिवशी पडलेलं नाव. पहिल्या मजल्याच्या वळणावर खालच्यांचा कुत्रा आडवा पडला होता, नेहमीसारखा, झोपलेला. ठकी दोन्ही हातांनी तिच्या साडीला बिलगली. तिचं सगळं अंग थरथरत होतं.

"आई, उचल मला," ती कुजबुजली. "कुत्रा गोड आहे."

त्या रात्री तिनं टेबलाचे कोपरे पुन्हा तपासले, खिडकीची कडी पुन्हा लावली, औषधांचा डबा आणखी वरच्या फळीवर ठेवला. हे ती रोजच करायची. फक्त त्या दिवशी आपण नेमकं कशाला अडवतोय हे तिला कळेना.

दुसरं कार्ड आठ दिवसांनी आलं. उघडणे. अर्थ: बंद करणे. 'खिडकी उघड गं, पोरीला गार वाटतंय.' नवरा, बाहेरची खोली. तारीख त्याच दिवसाची होती.

संध्याकाळी नवरा पेपर वाचत म्हणाला, "खिडकी उघड गं, पोरीला गार वाटतंय." खिडकी सताड उघडीच होती. ती जागची हलली नाही. त्यानं पेपर खाली केला, तिच्याकडे बघितलं, स्वतः उठला आणि खिडकी लावून घेतली. "उघड म्हटलं तर एवढं काय कोडं पडलं तुला?"

"तू बंद कर म्हणायला हवं होतंस."

"म्हणजे?" तो खरंच विचारत होता. चेष्टा करत असला की त्याच्या डाव्या भुवईत एक आठी पडते. ती आठी पडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार शटर खाली ओढताना म्हणाला, "उघडलं बघा ताई आता, सकाळी या." पाळणाघरातल्या ताई तिला म्हणाल्या, डब्याचं झाकण नीट उघडून देत जा, रस्सा सांडतो. सगळे नेहमीच्याच आवाजात बोलत होते. मध्येच कुणी अडखळत नव्हतं. कार्यालयात तिनं 'उघडणे'ची जुनी नोंद, जुना अर्थ आणि त्याखाली स्वतःचं वाक्य लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे वाक्य कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे? रोजचं आहे, साहेब."

"असं कुणी बोलत नाही हो, बाई." त्यांनी कार्ड परत सरकवलं. तिच्याकडे बघितलं ते रागानं नाही, काळजीनं. "बरं नाही का तुम्हाला? घरी लहान मूल आहे, झोप होत नसेल."

ती जागेवर येऊन बसली. आपण शब्दाला शब्द लावतोय आणि समोरच्यापर्यंत काही पोचत नाही, हे कसं असतं ते तिला पहिल्यांदा कळलं. कुणामुळे हे चाललंय, हेही कळलं. फक्त मानायचं राहिलं होतं.

तिसरं कार्ड मंगळवारी आलं.

थांब. अर्थ: धावत पुढे जा. 'थांब म्हटल्याबरोबर मुलगी रस्त्यात उतरली.' बोलणारी: आई. गुरुवार.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. पाळणाघरातून ठकीला उचलून आणलं, रस्ता ओलांडताना खाली ठेवलंच नाही. घरात स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत लांब बोळ आहे. ठकी त्या बोळात फरशीवरचे ठिपके मोजत उभी होती.

"ठकी," ती हळूच म्हणाली. "थांब."

ठकी सुसाट धावली. समोरच्या भिंतीवर दोन्ही तळवे आपटून खिदळत वळली. शाबासकीची वाट बघत.

"उभी राहा. जाऊ नको. नको जाऊस."

ठकी तिच्या ओठांकडे बघत राहिली, पाहुण्या माणसाकडे बघावं तशी. मग कंटाळली आणि निघून गेली. पोरीला अडवायला तोंडात एक शब्द उरला नव्हता.

बुधवारी सकाळी, गुरुवार यायच्या आत, ती ठकीला कडेवर घेऊन थोरल्या बाईंच्या घरी गेली. पत्ता कार्यालयाच्या वहीत होता. रस्त्याला लागून एकमजली घर होतं, दार सरळ रस्त्यावर उघडणारं. बस गेली की उंबऱ्याशी ठेवलेली बादली थरथरायची. दार एका बाईनं उघडलं, चाळिशीची, हाताला साबणाचा फेस.

"मी त्यांच्या कार्यालयातली. धाकट्या बाई म्हणतात मला."

"हां," ती बाई म्हणाली. "म्हणजे त्या तुम्ही." फेस पदराला पुसून ती बाजूला झाली. "मी भाची. या, आल्याच आहात तर."

थोरल्या बाई पलंगावर उशांना टेकून होत्या. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात पांघरुणावर, कुणाचा तरी हातमोजा विसरून राहावा तसा.

"काम सुटल्यावर दुसऱ्या महिन्यात झटका आला," भाची म्हणाली. "बोलणं गेलं सगळं. एक शब्द तेवढा राहिलाय. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधी कधी."

"कोणता शब्द?"

"थांब." भाचीनं खांदे उडवले. "पाणी हवं, थांब. दिवा लाव, थांब. मला हाक मारायची, तरी थांब. मला सवयीनं थोडं कळतं. बाकी कुणाला काय कळणार? येणारेही बंद झाले आता."

"आणि लिहिणं?"

"अहो, चमचा धरवत नाही त्यांना." भाची आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

ठकी कडेवरून उतरायला धडपडत होती. तिनं तिला मांडीवर दाबून धरलं आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं. थोरल्या बाईंचे डोळे मात्र तेच होते. बसथांब्यावरचे. ऐकणारे.

"मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "ती मुलगी 'बेकार हसलो' म्हणाली तेव्हा मी तुमच्या शेजारीच होते. मला माहीत होतं तुम्ही बनवत नाही. मला नोकरी हवी होती. मी साहेबांना तसं लिहून देते, आज, आत्ता देते. माझं काय करायचं ते करा. हिला यातून सोडा."

 थोरल्या बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू किंचित वर गेली.

ती रडत होती. डोळे पुसायला तिनं एक हात उचलला.

मांडी हलकी झाली.

ठकी दाराकडे निघाली होती. दार उघडं होतं. उंबऱ्यापलीकडे दोन हातांवर रस्ता होता, आणि बादलीतलं पाणी थरथरू लागलं होतं.

शब्द तिच्या जिभेवर आला. तिनं जीभ चावली. उठायला गेली तर स्टूल पायात आलं.

"थांब," पलंगावरून आवाज आला. जाड, ओला.

ठकी थांबली.

एक पाय उंबऱ्यावर. बस गेली. तिच्या झग्याची झालर वाऱ्यानं उडाली आणि खाली बसली.

मग ती वळली, आईच्या समोरून गेली, आणि पलंगावर चढली. थोरल्या बाईंच्या निर्जीव हाताशी मांडी घालून बसली.

"थांब," थोरल्या बाई म्हणाल्या. "थांब थांब. थांब, थांब." आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये थबकत होता. लांबलचक काहीतरी सांगितलं जात होतं. ठकी मान डोलवत होती. एकदा "हो" म्हणाली. एकदा तोंडावर हात ठेवून हसली. "आणि मग?" असंही तिनं विचारलं.

भाची ओल्या हातानं दारात येऊन उभी होती. "अगंबाई," ती पुटपुटली. "हिला सगळं कळतंय की."

"ठकी," धाकटीला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "आजी काय म्हणतायत?"

ठकीनं भुवया जवळ आणल्या. निरोप सांगताना एकही गोष्ट गाळायची नाही, असं ठरवलेल्या मुलासारखं तोंड केलं.

"म्हणतात, लिहून द्यायचं नाही. ते नकोय आम्हाला."

"मग काय हवंय?"

ठकीनं थोरल्या बाईंकडे बघितलं. थोरल्या बाई एकदाच, अगदी हळू बोलल्या.

"म्हणतात, उद्या मी रस्त्यात जाणार नाही," ठकी म्हणाली. "उद्या नाही, आणि मोठी झाले तरी नाही. फक्त तू आता बोलायचं नाही."

"कधीपर्यंत?"

ठकी पलंगावरून खाली उतरली, तिच्याजवळ आली, चवड्यांवर उभी राहिली आणि आपला छोटा, उबदार तळवा तिच्या ओठांवर ठेवला.