रसायनशाळेमागची कोठी

कोठीच्या कुलपाला किल्ली तशीच लटकत होती. वसुमतीबाईंनी दार लोटलं. नीरजा कपाटाला टेकून बसली होती. पोलकं फाटलेलं, गळ्यात टेबल पुसायचं फडकं. फुटलेल्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फरशीवर सांडलं होतं.

"कोण होता?"

"दिसला नाही, अक्का. मागून तोंडावर फडकं टाकलं. हातातली बाटली फुटली. मी त्याची मान ओरबाडली, पण..."

पुढचं तिला बोलवेना. बाईंनी तिला जवळ घेतलं.

१९६१ सालचा डिसेंबर होता. बंगळुरातल्या त्या कॉलेजात वसुमतीबाई रसायनशास्त्र शिकवत आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळत; मुली त्यांना अक्का म्हणत. त्यांनी नीरजाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि चिकपेटेत तिच्या वडिलांना, नरसिंहरावांना, निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल उमाकांतांच्या खोलीत चौकशी बसली. प्रश्न विचारायला उपप्राचार्य रत्नाकर. विषय इंग्रजी, कॉलेजात दरारा मोठा. गळ्याभोवती मफलर.

"घसा बसलाय," असं म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"कोठीत कशाला गेलात?"

"प्रयोगाची बाटली आणायला."

"एकट्याच?"

"हो."

"ओरडला का नाहीत?"

"तोंड दाबलं होतं, सर."

नीरजा बोटं पदराखाली लपवत होती. रात्रीतून बोटं काळी पडली होती. साबणानं कितीही घासली तरी डाग निघाले नव्हते.

"किल्ली कोणाकडे असते?"

"गुंडोकडे," उमाकांत म्हणाले. कोपऱ्यात शिपाई गुंडो हात जोडून उभा होता.

"मग आणखी काय शोधायचं? याला आजच काढा."

उमाकांत नरसिंहरावांकडे वळले. "मुलीला घरी न्या. दाखला तयार ठेवतो. तिच्याच अब्रूसाठी सांगतोय."

नरसिंहरावांनी मान खाली घातली.

"थांबा," वसुमतीबाई उठल्या. "गुंडोकडून किल्ली घेऊन कोठी नीरजानंच उघडली होती. किल्ली कुलपालाच होती. आत कुणीही शिरू शकलं असतं. गुंडो, सदऱ्याची बटणं काढ."

गुंडोनं काढली. मान स्वच्छ होती.

"रत्नाकर सर, आता तुमचा मफलर."

"हा काय पोरकटपणा?"

"शिपायाची मान बघितली. तुमची का नको?"

उमाकांतांनीच हळूच म्हटलं, "काढा हो, विषय संपेल."

रत्नाकरांनी मफलर सोडला. "दाढी करताना वस्तरा लागला," ते घाईनं म्हणाले.

कानामागून गळ्यापर्यंत काळे ओरखडे होते. शेजारी बोटांचे काळे ठसे.

"वस्तऱ्यानं कातडी काळी होत नाही," बाई म्हणाल्या. "नीरजा, हात दाखव. त्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट होतं. दिसायला पाणीच. कातडीवर पडलं की उजेडात हळूहळू काळं होतं आणि दिवसच्या दिवस जात नाही. नीरजाचे ओले हात ज्याच्या मानेवर पडले, त्याचीही मान काळी होणार, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला ते पाणी वाटलं. सकाळी आरशात पाहिलंत आणि मफलर गुंडाळलात. घसा बसलेल्या माणसाचा आवाज असा खणखणत नाही, सर. तेव्हाच मला शंका आली."

रत्नाकर मटकन खुर्चीत बसले.

उमाकांतांनी घाम पुसला. "ते राजीनामा देतील. पण ही गोष्ट या खोलीबाहेर नको. कॉलेजचं नाव..."

"नीरजाला विचारलंत, तिला काय हवंय?" बाईंनी विचारलं.

कुणीच विचारलं नव्हतं.

नीरजानं मान वर केली. "मला पोलीस ठाण्यात जायचंय. आणि मी दाखला घेणार नाही. मी इथंच शिकणार."

"नरसिंहराव, समजवा हिला! उद्या हिचं लग्न..."

नरसिंहराव उठले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरी, ठीक आहे. चल पुट्टी, चल पोरी, मी येतो."