निम्मा वेग

रंजिताच्या दुकानात आलेलं मशीन आधी मोजलं जायचं, मग उघडलं जायचं. गिऱ्हाईक काय सांगतंय याला ती फारशी किंमत द्यायची नाही. कालच घेतलेल्या कॉम्प्युटरबद्दलही लोक "हळू चालतो" म्हणतात. ती सरळ बेंचमार्क लावायची. हा प्रोग्राम मशीनला एकामागून एक अवघड गणितं घालतो, ती किती चटकन सुटतात ते पाहतो आणि शेवटी एक आकडा देतो. एका जातीच्या प्रोसेसरचा आकडा नंदुरबारात काय नि परदेशात काय, जवळपास सारखाच येतो. कमी आला तर दुखणं मशीनचं, बरोबर आला तर दुखणं गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं. बाजारातले लोक चेष्टेनं म्हणायचे, ही ताई कॉम्प्युटरचा बीपी बघते. तिला ते मनातून आवडायचं.

नंदुरबारच्या मशिनींचं दुखणंही बहुधा एकच असतं, मिरची. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते आणि तिची धूळ वर्षभर पंख्यांच्या पात्यांवर बसून राहते. डबा उघडला की आधी दोन शिंका, मग काम. त्यामुळे हेमकांतनं एप्रिलच्या भर उन्हात भावाचा कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवला, तेव्हा तिनं आधी रुमाल हातात घेतला.

हेमकांत नंदुरबारातच सरकारी कचेरीत कारकून होता, घर पुरुषोत्तमनगरला.

"भाग्येशना शे," तो म्हणाला. "आते मन्ही पोरले देवाना शे. भलता हळू चालस. पन त्यामझारलं, आतलं काही पुसू नका ताई. माय सोडाव नही."

भाग्येशला रंजिता ओळखत होती. सुटे भाग हुडकून त्यानं हे मशीन स्वतः जोडलं होतं आणि प्रोसेसर तिच्याकडूनच नेला होता, भाव पाडून, वर चहा पिऊन. गेल्या पावसाळ्यात त्याची मोटरसायकल प्रकाशा गावाजवळच्या पुलावर सापडली. स्टँडवर लावलेली, चावी तशीच. तो मात्र सापडला नाही. पोहणाऱ्यांनी तापी ढवळून काढली, हाती काही लागलं नाही.

त्या प्रोसेसरचा आकडा यायला हवा होता नऊ हजारांच्या आसपास. आला साडेचार.

तिनं धूळ झाडली, प्रोसेसरवरचा लेप बदलला, पुन्हा मोजलं. साडेचार. मेमरी बदलली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला. साडेचार. आकडा कमी येण्यात नवल नव्हतं. पण आजारी मशीनचा आकडा वरखाली होतो, हा मात्र कुणी पट्टीनं आखल्यासारखा बरोबर निम्म्यावर थांबत होता. मग तिनं प्लगाला मीटर लावलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. काहीच काम नसताना मशीन पूर्ण कामाला लागतं तेवढी वीज ओढत होतं.

असे चोरटे प्रोग्राम असतात, दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप स्वतःचं काम करून घेणारे. तसलंच काही असणार म्हणून तिनं भाग्येशची डिस्क काढून बाजूला ठेवली आणि स्वतःची कोरी लावली. आता त्या डब्यात त्याचं एक अक्षरही नव्हतं. तरी साडेचार. कुणीतरी आत बसून आपलं काहीतरी करत होतं आणि उरलेलं निम्मं बळ तेवढं बाहेर देत होतं, असं ते दिसत होतं. हा विचार आल्याचाच तिला राग आला. त्या दिवशी भाजी दोनदा करपली, आणि नवऱ्यानं काही विचारलं तर ती त्याच्यावरच खेकसली.

डिस्क परत लावून तिनं हेमकांतला बोलावलं. सगळं ऐकून तो हसला.

"घरमा कधीमधी मस्त चालस ना पन. माय जवळ बठी का पळत सुटस. माले वाटस माय मंत्र मारस."

"मंत्रबिंत्र काही नसतं," रंजिता म्हणाली. "तुमच्या घरची वीज बघावी लागेल." आणि रविवारी ती मशीन घेऊन त्याच्यासोबत निघाली.

तिथल्या साखर कारखान्याचा हंगाम संपला होता. धुराडं गार पडलं होतं, तरी मळीचा आंबूस वास हवेत होताच. हेमकांतचे वडील पितांबरआप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते दारातच उभे होते. त्यांनी भाग्येशच्या खोलीकडे बोट दाखवलं. खोली झाडून लख्ख ठेवलेली. टेबल, त्याच्या शेजारी जमिनीवर चटई, आणि चटईवर लसूण सोलत बसलेली त्याची आई, छबूबाई. बाई अगदी वाळून गेली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

रंजितानं वीज तपासली. उत्तम होती. मग तिनं बेंचमार्क सतत चालत राहील असा लावला. त्यात वेगाची एक हिरवी रेघ पडद्यावर सरकत राहते. ती निम्म्यावरून सरकू लागली.

"भाग्या," छबूबाई मान वर न करता म्हणाली, "आज बट्टी करेल शे. तुले आवडस तशी."

रेघ वर चढली, पार नऊ हजारांवर. बाईचं वाक्य संपलं आणि रेघ खाली आली.

"शेजारनी धनुबाईनी म्हैस व्याली. पारडी व्हयनी तिले."

रेघ वर. मग पुन्हा खाली.

रंजिताच्या पाठीवर घाम आला. खोलीत पंखा होता, चालूही होता. तिनं डब्याच्या मागे-पुढे पाहिलं. मशीनला माइक नव्हता. ऐकायला काही साधनच नव्हतं त्याच्याकडे.

ती हट्टानं मोजत सुटली. स्वतः बोलली, रेघ हलली नाही. हेमकांतला बोलायला लावलं, तरी नाही. छबूबाईचा आवाज मोबाइलवर घेऊन डब्याला लावून वाजवला, नाही. छबूबाईला अंगणात पाठवून हाका मारायला लावल्या, तरीही रेघ ढिम्म. छबूबाईलाच अगदी जवळ, त्या चटईवर बसून बोलावं लागत होतं. शेवटी आप्पांना बोलावलं.

"त्या डबाले काय बोलू मी?" आप्पा म्हणाले. मग पडद्याकडे वळले. "भाग्येश... ये ना रे घर." त्यांचा आवाज फुटला. रेघ जिथल्या तिथे सरकत राहिली, आणि म्हातारा तोंड फिरवून बाहेर गेला. रंजिताला स्वतःची चीड आली. कुणाचं काय मोजत होतो आपण?

मागोमाग ती अंगणात गेली. आप्पा निंबाखाली उभे होते.

"आखाजी उनी," ते खाली बघत म्हणाले. "त्यानी घागर भरनी शे. ती भरू देत नही. जित्ता मानूसनी घागर भरतस का, म्हनस. जेवत नही, झोपत नही, दिनरात तठेच बठस. ती सांगेल शे, ती मोजनारी बाई नही म्हननी तं भरसू. नही म्हनी दे बेटा. नही तं ती मरी जाई."

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ज्याच्या नावानं पाणी ओतलं तो गेला, यात मग कुणालाच शंका उरत नाही. त्यासाठीच आप्पांना ती भरून हवी होती आणि त्यासाठीच छबूबाईला नको होती.

ती खोलीत परतली तेव्हा छबूबाई तिचीच वाट बघत होती. लसणाची टोपली बाजूला सारलेली.

"तू मोजस ना बेटा. मंग सांग. मझार तो शे का नही?"

पडद्यावर रेघ निम्म्यावर होती. इतक्या वर्षांत रंजितानं आकड्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नव्हता. ओळखीच्यांनाही तिनं कधी खोटं बोलून बरं वाटू दिलं नव्हतं. पण समोर त्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या होत्या.

"नही मावशी," ती म्हणाली. "मशीनमा कोनी नही ऱ्हास."

छबूबाईनं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट कीव होती, आणि तीच रंजिताला जास्त लागली.

"बरं," छबूबाई म्हणाली. "मंग भरसू घागर. त्याच दिन हाई डबा ली जाय. पुसी टाक."

आखाजीच्या सकाळी रंजिता गाडी घेऊन पुरुषोत्तमनगरला गेली. गल्लीत कडुलिंबाच्या झाडांना झोके टांगले होते, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत उंच जात होत्या. घरात तळणीचा वास होता. देवघरापुढे नवी कोरी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. छबूबाई नवं लुगडं नेसली होती. तिनं तांब्यानं पाणी ओतलं, ओठ हलवून नाव घेतलं. विस्तवात तुपाची धार पडली, धूर झाला. आप्पांनी डोळे पुसले आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास टाकला.

रंजितालाही हलकं वाटलं. खोटं बोललो, पण एक घर तर मार्गी लागलं, असं तिनं स्वतःला बजावलं.

मशीन गाडीत ठेवलं तेव्हा छबूबाई मागून आली. तिनं डब्यावर हात फिरवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात.

"आज नको पुसू. आजना दिन चालू ऱ्हाऊ दे."

"बरं मावशी."

"अन घाई करू नको. सणना दिन शे. जेवण करीसन काम कर." तिनं सांजोऱ्यांचा डबा रंजिताच्या हातात दिला आणि हसली. दात चांगले होते बाईचे. रंजितानं तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

बाजार बंद होता. दुकानाचं शटर अर्धं वर करून रंजितानं मशीन लावलं आणि बेंचमार्क सुरू केला. शब्द दिला होता म्हणून पुसायचं नव्हतं. मोजायला काय हरकत होती? घागर भरली गेली होती. मनातून तिला वाटत होतं की आता आकडा नऊ हजार दिसेल, सगळं मिटेल, आणि आपण खोटं बोललो नाही असं ठरेल.

रेघ निम्म्यावर होती.

ती जेवली. सांजोरी खाल्ली. शेजारच्या मशीनचं काम काढलं, ते ठेवलं, दुसरं काढलं. कशातच लक्ष लागेना. बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं पांढरं पडलं होतं, एक रिक्षा नव्हती की एक माणूस नव्हतं. तिनं शटर आणखी थोडं वर केलं. परत येऊन बसली. पुन्हा उठली.

वळून पाहिलं तर रेघ वर होती.

नऊ हजारांवर. सरळ.

तिनं केबल तपासली. प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला. रेघ खालून निघाली आणि तडक वर जाऊन टेकली. प्लगाच्या मीटरवरचा आकडा तेवढाच होता. तिनं दुकानात नजर फिरवली. टेबल, खोकी, भिंतीवर लटकलेल्या वायरी. कुणी नव्हतं.

जवळ बसून बोलावं लागत होतं. ते तिनं स्वतःच मोजलं होतं.

तिनं हेमकांतला फोन लावला. पलीकडे पोरींचा गलका होता.

"सगळं चांगलं व्हयनं ताई," तो म्हणाला. "फक्त आप्पा रागे भरेल शेतस."

"का?"

"मायनी घागरले भाग्येशनं नावच लिधं नही. सोतानंच नाव लिधं. धनुबाई बाजूले व्हती, तिनी ऐकं. आते सांगस ती."

"मावशी कोठे शेतस?"

"निजेल शे. भाग्येशनी खोलीमा, चटईवर. आज पोटभर जेवनी, किती दिनमा. मंग म्हने आते माले कोनी उठाडू नका." तो हसला. "काही काम व्हतं का? उठाडू?"

रंजितानं मीटरकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"थांबा, देखस," हेमकांत म्हणाला.

त्याच्या चपला वाजल्या. पोरींचा गलका मागे पडला. दार करकरलं.

"माय," तो म्हणाला. "ओ माय."

फोन कानाला तसाच धरून रंजिता पडद्याकडे बघत होती. त्या रविवारी छबूबाई बोलत होती तेव्हा वाक्यावाक्याला रेघ खाली यायची, श्वास घेण्यापुरती. आता ती खाली येतच नव्हती.