नववा तुकडा

"बाई, या कविता तुम्ही स्वतः करता, की कुठून तरी उचलता?"

हे मी विचारलं, भर वर्गात. माझी छाती होणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वर्षभरापूर्वी झालीही नसती. तेव्हा मी 'हजर' सुद्धा असं म्हणायचे की बाई गैरहजेरी लावायच्या. पण यंदा पोस्टर स्पर्धेच्या शेवटच्या सात जणांत माझं नाव आलं होतं. सातांतल्या एकाला शाळा महिनाभराच्या चित्रकला शिबिराला पाठवणार होती, आणि ती एक मीच असणार हे मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

"स्वतःच करते आणि वाईट करते," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "म्हणून तर तीन ओळींच्या वर जात नाही."

वर्ग हसला. मी हातातली चिठ्ठी पाहिली. आम्ही सात जणांनी पोस्टरसाठी बाईंच्या डब्यातून त्यांच्या कवितेची एकेक चिठ्ठी उचलली होती.

"माझी चार ओळींची आहे."

बाईंनी चिठ्ठी घेतली आणि वाचली.

घराला खिडक्या चार
आत आम्ही तिघं
बाहेर ऊन
आणि आम्हाला मोजणारं कोणी

अक्षर बाईंचं, शाई त्यांचीच. त्यांनी चौथ्या ओळीवरून बोट फिरवलं. मग चिठ्ठी परत देत म्हणाल्या, "तू तीनच ओळींचं पोस्टर कर." त्या दिवशी त्यांनी तास पाच मिनिटं लवकर सोडला.

बाईंचे नियम कडक होते. रंगीत कागद कापून फक्त भौमितिक आकार करायचे. प्रत्येक आकाराला कवितेत जागा हवी, एक जरी तुकडा उगाच आला तरी पोस्टर बाद. आणि गोंद लगेच लावायचा नाही. तुकडे तीन दिवस कागदावर नुसते मांडून ठेवायचे, प्रत्येकाच्या मागे आकडा घालायचा आणि भोवती पेन्सिलीची पुसट रेघ काढायची, म्हणजे वाऱ्याने हलले तरी जागा सापडते.

बुधवारी मी मांडणी केली. डावीकडून उजवीकडे एका रांगेत चार निळे चौकोन म्हणजे खिडक्या. पहिली आईबाबांच्या खोलीची, दुसरी बैठकीची, तिसरी स्वयंपाकघराची, चौथी माझ्या खोलीची. पहिल्या तिन्हींत एकेक गोल बसवणार होते, पण मग माझ्या खोलीत मीच नसते, म्हणून पहिली रिकामी ठेवली. बैठकीत बाबा हिरवे, स्वयंपाकघरात आई जांभळी, माझ्या खिडकीत मी, केशरी. वर उन्हाचा पिवळा त्रिकोण. एकूण आठ. इतकं देखणं दिसत होतं की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

गुरुवारी शाळेतून आले तर तुकडे नऊ.

उजव्या कोपऱ्यात एक करडा गोल होता, नाण्याएवढा. भोवती पेन्सिलीची रेघ. उलटून पाहिलं तर मागे नऊचा आकडा, आणि तो मी काढते तसाच, शेपटी आत वळवलेला. माझ्याकडे करडा कागद नाही. कधीच नव्हता.

संशय पहिल्यांदा गेला कात्रीवर. कात्री म्हणजे माझी जिवलग मैत्रीण, जिभेवरून पडलेलं नाव. ती आदल्या दिवशी घरी येऊन गेली होती.

"मी?" ती म्हणाली. "अगं, मला इतका गोल गोल कापता आला असता तर सातांत मी नसते का?"

हे खरं होतं. तिच्या गोलाला कोपरे असतात.

मग आई. आमच्या घरात मोजण्याचं काम करणारं माणूस एकच. आई प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजते.

"दिवसभर गोलच मोजते गं मी," आई चहा गाळत म्हणाली. "घरी येऊन आणखी एक कापू, एवढी हौस आहे का मला?"

बाबा बस चालवतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी उभ्या प्रवाशांना हात लावत नाही, तुझ्या कागदाला कशाला लावू?"

माझा तिघांवरही विश्वास बसेना. मी करडा गोल उचलून कचऱ्यात टाकला, मांडणीचा कागद खालच्या पुठ्ठ्यासकट लोखंडी कपाटात आडवा ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मोज्यात घातली. शुक्रवारभर ती घोट्याला टोचत होती.

चार वाजता कपाट उघडलं.

गोल परत आला होता. कोपऱ्यात नाही, अर्ध्या वाटेवर. आणि कोपऱ्यापासून तिथपर्यंत पेन्सिलीची रिकामी वर्तुळं होती, एकापुढे एक, अकरा. जिथे जिथे थांबला तिथे तिथे रेघ. अगदी नियमाप्रमाणे.

वाट माझ्या खिडकीकडे चालली होती.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? संध्याकाळभर कोणाच्या बोटांना पेन्सिलीची काजळी आहे का तेवढं बघत राहिले. आईची बोटं स्वच्छ होती. बाबांचीही. माझ्या उजव्या अंगठ्याला थोडी होती, पण ती रोजच असते.

शनिवारी सकाळी वर्तुळं सतरा झाली. माझ्या चौकोनात आणि त्या गोलात बोटभर जागा उरली होती.

पोस्टर पाच वाजेपर्यंत शाळेत द्यायचं होतं. तो तुकडा पुन्हा फेकला असता तर पुन्हा आला असता, आणि कदाचित बोटभर अलीकडे न थांबता थेट खिडकीत. त्याला थांबवायचा मला एकच उपाय दिसत होता. चिकटवलेला तुकडा हलत नाही.

पण चिकटवला की नऊ तुकडे. पोस्टर बाद. शिबिर गेलं.

मी अर्धा तास बाटली हातात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होणार होतं. मग गोंद लावला आणि गोल होता तिथेच, खिडकीच्या बाहेर, अंगठ्याने दाबून धरला. शंभर आकडे मोजले. बाकीचे आठ मात्र सुटेच ठेवले. तेवढी आशा सुटत नव्हती.

दुपारी चारला पाहायला गेले.

करडा गोल जागेवरच होता. कडेला बोट लावलं. सकाळी साडेनऊचा गोंद. अजून ओला.

मग डावीकडे लक्ष गेलं.

बाबांची खिडकी रिकामी होती. आईची रिकामी. माझी रिकामी. प्रत्येकीत फक्त पेन्सिलीची रेघ.

हिरवा, जांभळा आणि केशरी, तिन्ही गोल पहिल्या खिडकीत होते, आईबाबांच्या खोलीच्या. तिच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एकमेकांवर चढून.

आईबाबा बैठकीत होते. मला शाळेत न्यायला बाबा बूट घालून तयार होते.

"निघायचं ना? पाचला बंद होईल."

"मी पोस्टर देत नाहीये," मी म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही. "शिबिरही नको."

"अगं, पण—" आई उठली.

"आणि आजपासून मी तुमच्या खोलीत झोपणार. तुम्हीही दोघं तिथेच यायचं, आत्ताच, आणि आपण पलंगाच्या त्या लांबच्या बाजूला बसायचं."