हात घालायची वेळ

ही गोष्ट खरी आहे.

जिच्या बाबतीत घडली ती माझी थोरली मावशी. तिने ती देवासमोर बसून सांगितली. मावशी देवासमोर बसून खोटं बोलेल असं ज्याला वाटत असेल, त्याने आधी तिला एकदा भेटून यावं.

भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. बरोबर चार वाजता. खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, अशा वेळी.

मावशी हॉस्पिटलात सिस्टर. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली. गेलेल्या माणसाचे डोळे मिटायचं काम तिने इतक्या वेळा केलं होतं की तिला मरणाची भीती उरली नव्हती. मरणालाच तिची थोडी भीड वाटत असावी.

आणि मामा, म्हणजे मावशीचा आणि माझ्या आईचा धाकटा भाऊ, घड्याळजी. एकटा जीव. दुसऱ्या मजल्यावर एकच लांबोडी खोली. खिडकीशी कामाचं टेबल आणि स्टूल, आणि समोरच्या भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी. तिच्यात अकरा मासे.

माणूस घड्याळांत बुडालेला, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू टायमरवर. दिवा टायमरवर, रेडिओ टायमरवर, अंघोळीचं पाणीसुद्धा टायमरवर तापायचं.

"लग्नही टायमरवर लावलं असतंस तर वेळेवर झालं असतं," मावशी म्हणायची.

"ताई, घड्याळ मागे पडलं तर पुढे करता येतं. माणूस मागे पडला तर पडला."

टाकीच्या टायमरचा त्याला फार अभिमान. पांढरा डबा, त्यावर गोल चकती, चकतीच्या कडेला बारीक दात. दात खाली दाबला की वीज चालू, वर उचलला की बंद. चारपासून साडेचारपर्यंतचे दात मामाने वर करून ठेवले होते. चार वाजले की 'टक्' व्हायचं. दिवा, हवेचा पंप, पाणी कोमट ठेवणारा काचेच्या नळीतला हीटर, सगळं एकदम गप्प.

मामा त्याला टाकीची वामकुक्षी म्हणायचा.

तेवढ्या अर्ध्या तासात तो बाह्या दुमडायचा, पाण्यात हात घालून काचा पुसायचा. काचेच्या कोपऱ्यावर त्याच्या कोरीव अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती...

'४ ते ४.३०. हात घालायची वेळ.'

मामा गेला तो गुरुवारी.

शेजारी एक निवृत्त टायपिस्ट काका राहतात. दोघांचा पाच वाजताचा चहा एकत्र. त्या दिवशी साडेचारला भिंतीपलीकडे पंप पुन्हा सुरू झालेला काकांनी ऐकला. पाच वाजले. मामा आला नाही. सव्वापाचला काकांनी दार ढकललं.

टाकीसमोर, जमिनीवर. अनवाणी. बाह्या दुमडलेल्या. उजवा हात कोपरापर्यंत ओला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं शेवटी. पुढे कुणी विचारलं नाही.

मावशीला मात्र एक गोष्ट आतून खात होती. मामाचे शर्ट शिवायचं-सांधायचं काम तिचं. तो रविवारी यायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "ताई, बटण." शेवटच्या रविवारी तो टाकी साफ करायचा निळा चौकटीचा शर्ट घेऊन आला. उजव्या मनगटाचं बटण तुटलं होतं. मावशी रात्रपाळी करून आलेली.

"पुढच्या रविवारी लावते रे."

तो शर्ट तसाच परत घेऊन गेला. पुढचा रविवार आलाच नाही.

खोली महिनाअखेर रिकामी करायची होती. तोवर माशांचं काय? कुणी घ्यायला तयार होईना. "मुके जीव आहेत, उपाशी ठेवले तर देव मला विचारेल," असं म्हणून मावशी रोज ड्यूटी संपवून तिथे जाऊ लागली. झाकणाच्या भोकातून दाणे टाकायचे, जरा वेळ बसायचं, निघायचं. हळूहळू काचा हिरव्या पडल्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तिने काचा पुसायचं ठरवलं. खुंटीवर तोच निळा शर्ट होता. स्वतःचे कपडे भिजू नयेत म्हणून तिने तो वरून चढवला.

चार वाजले.

टक्.

सगळं गप्प झालं.

पंपाचा आवाज चालू असताना तो कधी तिच्या लक्षातही आला नव्हता. तो थांबल्यावर मात्र खोली मोठी झाल्यासारखी वाटली... आणि ऐकत असल्यासारखी.

तिने चिठ्ठी वाचली. उजवी बाही कोपराच्या वर दुमडली, सिस्टर लोक दुमडतात तशी, घट्ट, चार घड्या. स्पंज उचलायला वळली. हात टाकीवर नेला...

बाही मनगटापर्यंत खाली आली होती.

जुनं कापड आहे, तिने मनाशी म्हटलं. पुन्हा दुमडली.

मागे स्टूल करकरलं.

मावशी वळली. स्टूल रिकामं. दार लावलेलं. पुन्हा हाताकडे पाहिलं...

बाही खाली.

त्या दिवशी काचा तशाच राहिल्या.

बुधवारी ती सेफ्टी पिन घेऊन गेली. वॉर्डातली बाई ती, भुताला आधी पिनेने आवरायला बघणार. बाही दुमडली, पिन लावली, ओढून पाहिली. पक्की.

टक्.

शांतता.

आणि त्या शांततेत...

टप्.

टप्.

पाणी ठिबकत होतं. टाकी तर गळत नव्हती. आवाज खालून येत होता. टाकीपासून स्टुलापर्यंत फरशीवर थेंबांची ओळ होती. ओल्या हाताने कुणी चालत गेलं की पडते तशी. शेवटचा थेंब तिच्या डोळ्यांदेखत पडला... वर कुणीही नसताना.

तिने देवाचं नाव घेतलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं.

पिन टाकीच्या झाकणावर ठेवलेली होती. बंद करून, नीट.

बाही मनगटापर्यंत आली होती... आणि बटण लावलेलं होतं.

तिने ते काजातून सोडवलं. गार, गुळगुळीत बटण. बोटांना स्पष्ट लागलं. शर्ट खुंटीला टाकला आणि ती जिना उतरली ती थेट आमच्या घरी.

माझ्या आईने सगळं ऐकलं. पाण्याचा पेला पुढे केला.

"ताई, तू परत जायचं नाहीस तिथे."

"सख्ख्या भावाला घाबरू होय?"

"त्रास देतोय तो तुला."

"जिवंतपणी दिला नाही. आता कसला देतोय?"

"मग अडवतोय कशाला?"

मावशीने पेला खाली ठेवला. मग आईच हळू म्हणाली, "बटणाचं राहिलं ना तुझं. रुसला असेल."

आता इथे जरा थांबा. माणूस गेला की उरलेल्यांना त्याचा रागच आधी आठवतो. आपलं काय राहून गेलं तेच दिसतं. त्याची माया शेवटी सुचते. त्या दिवशी दोघी बहिणींचं तेच झालं, आणि मावशीच्या जिवावर बेतलं असतं ते त्यामुळेच.

गुरुवारी ती सुई, दोरा आणि एक बटण घेऊन गेली. मामाला जाऊन बरोबर दोन आठवडे झाले होते.

खुंटीवरचा शर्ट काढला. उजवं मनगट उलटून पाहिलं.

तिथे बटण नव्हतं.

फक्त तुटलेल्या दोऱ्याचं टोक.

मग काल तिने काजातून सोडवलं ते काय होतं?

मावशीने विचार केला नाही. खिडकीशी उभी राहून बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "झालं बाबा. उशीर झाला, चुकले. आता राग सोड आणि मला तुझ्या माशांचं करू दे."

शर्ट घातला.

टक्.

शांतता. स्टूल वाजलं नाही. थेंब पडला नाही. तिने बाही दुमडली. बाही जागेवर राहिली. तिला बरं वाटलं. फरशी ओली होऊ नये म्हणून तिने चपला बाजूला काढल्या, स्पंज घेतला, हात पाण्याकडे नेला. बोटं आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर...

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

दिसत काहीच नव्हतं. पण पाच बोटं होती. ओली. कोमट, टाकीतल्या पाण्याइतकी कोमट. आणि अंगठा बरोबर तिथे टेकलेला, जिथे ती रोज पेशंटची नाडी बघते. तिला स्वतःची नाडी त्या अंगठ्याखाली धडधडताना कळत होती.

त्या अंगठ्याला स्वतःचं काहीच नव्हतं... ठोका नाही, थरथर नाही.

मग हिसका बसला. मागे. मावशी स्टुलावर आदळून खाली पडली. स्पंज पाण्यात गेला.

धप्प आवाज ऐकून टायपिस्ट काका आले.

"काय झालं ताई? चक्कर आली का?"

काकांनी तिला उठवून बसवलं. मग आपण काहीतरी उपयोगी पडावं म्हणून टाकीकडे वळले. "स्पंज पडला वाटतं आत. थांबा, काढतो." आणि त्यांनी बाही वर सारली.

मावशी कशी उठली ते तिला आजही सांगता येत नाही. ती धावली आणि दोन्ही हातांनी काकांची बाही खाली ओढली. मनगटापर्यंत. घट्ट धरून ठेवली.

काका तिच्याकडे बघत राहिले.

आणि मावशी त्या बाहीकडे.

मामा रुसला नव्हता. जे ती आत्ता काकांसाठी करत होती, तेच तो तीन दिवस करत होता.

"वायरमनला बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

कोपऱ्यावरच्या दुकानातला वायरमन आला. तोंडाने फटकळ, कामाला चोख. तोवर साडेचार होऊन टाकी पुन्हा बुडबुडत होती. त्याने ऐकून घेतलं आणि चकती हाताने फिरवली. टक्. दिवा गेला, पंप गप्प.

"बंद दिसतंय ना?"

"हो."

त्याने रबरी चपला एकदा बघून घेतल्या आणि टेस्टरचं टोक पाण्याला लावलं.

टेस्टर पेटला.

"बंद नाहीये," तो म्हणाला.



त्याने खालच्या भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग हाताने उपटला आणि मगच टाकीतून हीटर बाहेर काढला. नळीच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. मग टेबलामागचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. नवा कोरा. मामाने जायच्या आठवडाभर आधी बदललेला.

"हे बघा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलाय, म्हणजे अर्थिंग गेलं. आणि दोन पिना कशाही उलट्या जातात. टायमर एकच तार तोडतो. जुन्या बोर्डात बरोबर तार तुटत होती. नव्यात प्लग उलटा बसला. रिकामी तार तुटायची, जिवंत तार तशीच. वर काच तडकली, बहुधा ते गेले त्याच दिवशी. आवाज बंद व्हायचा, वीज नाही."

"पण माझा भाऊ रोज..."

"रोजचं काही नसतं ताई. पाण्यात हात घालायचा तर प्लग हाताने उपटायचा. टायमर वेळ सांगायला असतो. त्याच्या भरवशावर जीव टांगायचा नसतो."

मावशीने टाकीकडे पाहिलं. अकराच्या अकरा मासे सुखाने फिरत होते.

"मग हे कसे जगले?"

वायरमनने हीटर खाली ठेवला. "माशांचे पाय जमिनीवर नसतात, ताई."

मावशी आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

"त्याचं हृदय चांगलं होतं," ती म्हणाली. इतकंच. मग ती पहिल्यांदा रडली.

देव तारतो म्हणतात. तारायला तो कुणाला पाठवतो, हे मात्र आपल्या हातात नसतं.

मासे वायरमनच घेऊन गेला. चिठ्ठी मावशीने काचेवरून खरवडून काढली. निळा शर्ट तिच्या कपाटात आहे. तिने लावलेलं बटण तसंच आहे. बाही जिथे ठेवावी तिथे राहते. "त्याचं काम झालं," मावशी म्हणते.

मीही आत्तापर्यंत तेच मानत होतो.

आमच्या न्हाणीघरात सॉकेट नाही. पाणी तापवायचा हीटर मी बाहेरून एक्स्टेन्शन ओढून लावलाय, टायमरसकट. दोन पिनांचा जोड आहे. बदलू, बदलू म्हणत दोन वर्षं गेली. हे सगळं लिहिताना स्वतःचीच लाज वाटली, म्हणून वायरमनला निरोप धाडलाय. उद्या येतो म्हणाला.

लिहायला बसलो तेव्हा उकडत होतं. मी बाह्या दुमडल्या होत्या. दोन्ही.

आता घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालीत...

डावी दुमडलेली आहे.

उजवी मनगटापर्यंत खाली आली आहे. बटण लावलेलं आहे. आणि मनगटाभोवतीचं कापड ओलं लागतंय.

कोमट.