धरून ठेवलेली जागा

"तुम्ही कोण आहात ते नंतर सांगा. आधी ती डावीकडची शेवटची पट्टी दाबून धरा."

आवाज मागच्या भिंतीजवळच्या ऑर्गनच्या पोटातून आला. मी मठाच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला आले होते – एकटीच, भर दुपारी. बाहेर धुकं असं दाटलं होतं की खिडक्यांच्या रंगीत काचा सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या झाल्या होत्या. आत मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास. मी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग... दाबली पट्टी.

जाडजूड, घोगरा सूर निघाला. आत ठोकाठोक झाली, आणि सूर हळूहळू सरळ झाला.

"सोडा. आता शेजारची. वा, हात स्थिर आहे तुमचा. बोलत का नाही?"

उंच नळ्यांमधून एक डोकं बाहेर आलं. केसांत कोळ्याचं जाळं, नाकावर धूळ, आणि डोळे मात्र लख्ख, हसरे. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन? दिवसभर?"

मी मान डोलावली, आणि हात पसरून दाखवलं – पुष्कळ दिवस.

"झालं! मदतीला माणूस मिळालं ते न बोलणारं. बरं, असं करू – हो असेल तर उजवीकडची पट्टी, नाही असेल तर डावीकडची. चालेल?"

मी उजवीकडची दाबली. बारीक, खट्याळ सूर. तो इतका खूश झाला की त्याचं डोकं नळीवर आपटलं.

मी मनातल्या मनात त्याचं नाव सूरवाला ठेवलं. त्याने माझं उघडच ठेवलं – मौनीबाई.

काम आवरून तो हवेची मोटर बंद करायला बाहेर गेला. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. घरघर थांबली, भात्यातली हवा सुस्कारा टाकून संपली. आणि त्यानंतर एक सूर लागला. मधलाच कुठलातरी, बारीक, न थरथरणारा. पट्टी एकही दबलेली नव्हती.

मी मागे वळून पाहिलं.

वेदीजवळच्या पहिल्या बाकाच्या टोकाला एक तरुण सिस्टर बसली होती. माझ्याहूनही लहान असेल. गोल चष्मा, डाव्या दांडीला दोरा गुंडाळलेला. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. माणसाआधी मला त्याचा चष्मा दिसतो. म्हणून लगेच ध्यानात आलं – ती खिडकीकडे तोंड करून होती, पण तिच्या काचांवर खिडकीची चमक नव्हती. काहीच नव्हतं. समोरचं जगच नसल्यासारखं.

ती थोडी सरकली. शेजारच्या जागेवर हळूच थोपटलं.

"ये ना," ती म्हणाली. "तुझी जागा धरून ठेवली आहे."

दार वाजलं, सूर तुटला, बाक रिकामा.

"मोटर बंद केल्यावरही वाजत होता ना एक सूर?" सूरवाल्याने विचारलं. "बाहेर ऐकू आला मला. तिसरा दिवस आहे हा..." तो हसणार होता. पण माझा चेहरा पाहून हसला नाही. अंगातलं जाड जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं, आणि दूर जाऊन हत्यारं पुसत बसला.

मी मठात कशी आले ते सांगते. जन्मले तेव्हा मी रडले नव्हते. निळी पडले होते म्हणे. आईने तिथल्या तिथे नवस बोलला – ही जगली तर ही तुझी, देवा. मी जगले. शिकले, कामाला लागले, भिंगांत रमले. तरी घरात मी थोडी पाहुणीच. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी निघायची, माझा विषय कुणी काढला की आई म्हणायची, "तिचं ठरलंय." ठरलं होतंच. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. देवालासुद्धा नाही.

सिस्टर होण्याआधी काही दिवस मठात राहून, मौनात प्रार्थना करून आपलं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ओळखायचं, असा तिथला रिवाज. संध्याकाळी तेवढं मोठ्या सिस्टरांशी बोलायची मुभा. त्या ऐंशी ओलांडलेल्या, वाकलेल्या, पण जिभेने तरतरीत. मी ऑर्गनची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाल्या, "धर की त्याच्या पट्ट्या. आमची बोटं आता वळत नाहीत. हातांना कुठे मौन असतं?"

बाकावरच्या मुलीचं मी सांगितलं नाही. वाटलं, हेच बोलावणं असावं. इतकं स्पष्ट बोलावणं कुणाला येतं?

मग रोज दुपारी मी पट्ट्या धरू लागले. तो आतून बोलत राहायचा.

"मौनीबाई, तुम्हाला राग लवकर येतो?"

डावीकडची.

"खोटं बोलायचंही मौन असतं का?"

मी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. आतून तो खो-खो हसला, आणि सगळ्या नळ्या त्याच्याबरोबर किंचित घुमल्या. मग जरा वेगळ्या आवाजात – "तुम्ही इथेच राहणार आहात? कायमच्या?"

माझं बोट अधांतरीच राहिलं. ना इकडे, ना तिकडे.

"बरं... नका सांगू," तो आतून हळू म्हणाला.

आणि तो बाहेर गेला की ती यायची. रोज एक बाक मागे – माझ्या जवळ. सूर आधी, मग ती. थंडीने माझ्या श्वासाची वाफ दिसायची. ती बोलायची तेव्हा तिच्या ओठांपुढची हवा स्वच्छच असायची. "उशीर करू नकोस. मी फार वेळ बसले आहे धरून." तिचा स्वर प्रेमळ होता. म्हणूनच जास्त भीती वाटायची. मी जपमाळ घट्ट पकडायचे, आणि मणी बोटांतून सरकायचेच नाहीत.

एका दुपारी ती ऑर्गनच्या बाकावर, अगदी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात नव्हताच तो – विहिरीतून वर येणारा गारवा होता. मी पळाले. संध्याकाळची वाट न पाहता मोठ्या सिस्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "चष्म्याच्या डाव्या दांडीला दोरा होता?"

"हो. निळा."

"मीच गुंडाळला होता." त्या खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहत राहिल्या. "आम्ही एकाच दिवशी इथे आलो. ऑर्गन तीच वाजवायची. तिच्या वडिलांनी शब्द दिला होता कुणाला तरी, म्हणून आणून सोडलं पोरीला. मी तिला विचारायचे, तुला काय वाटतं गं? ती म्हणायची, मी देवाला विचारतच नाही, भलतंच उत्तर आलं तर? पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेली."

"मग ती मला बोलावतेय... की देव?"

"तू सांग. ती बोलावते तेव्हा आत काय होतं?"

"गळा आवळल्यासारखं होतं."

"देवाचं बोलावणं अंगावर काटा आणेल, पोरी, पण गळा आवळणार नाही. मी विचारलं तेव्हा मला आतून हसू फुटलं होतं. म्हणून मी इथे. तुला आईच्या नवसाने आणलं, तिला बापाच्या शब्दाने. देवाचं म्हणणं अजून ऐकायचंच आहे. जा, विचार. जे ऐकू येईल ते येऊ दे. आणि घाई करू नकोस – विचारल्यावर मनात जे उरतं ते दुसऱ्या दिवशीही टिकतंय का बघ."

दुसऱ्या दुपारी मी चॅपलमध्ये गेले तेव्हा सूरवाला ऑर्गनच्या आत होता. मोटर बंद होती. मी पहिल्या बाकावर, बरोबर त्या जागेच्या शेजारी, जाऊन गुडघे टेकले.

सूर लागला. आतली ठोकाठोक थांबली. तो आतच राहिला.

ती आली. मी या वेळी पळाले नाही. मौन मोडायची परवानगी मोठ्या सिस्टरांकडून घेतली होती.

"तू कधी विचारलंच नाहीस ना?" मी कुजबुजले.

तिने मान हलवली. इतक्या जवळून ती किती लहान दिसत होती. "भीती वाटते."

"मलाही. आपण दोघी मिळून विचारू."

मी वेदीकडे पाहिलं. आजवर केलेल्या सगळ्या प्रार्थना आईच्या होत्या, हे तेव्हा कळलं. मला स्वतःचे शब्द सुचेनात. शेवटी एवढंच म्हणाले – प्रभू, तुला काय हवंय? आणि मला काय हवंय, ते तूच सांग. मला माहीत नाही. शेजारून तिचाही पुटपुटण्याचा आवाज येत होता. तिच्यासाठीही मागितलं. मग मागायचं संपलं, आणि आम्ही नुसत्या बसून राहिलो.

कुठलाही आवाज आला नाही. फक्त आवळलेलं सुटलं. श्वास पार खालपर्यंत गेला. मला दुकानातलं माझं टेबल आठवलं, आणि नवा चष्मा लावून पहिल्यांदा समोर पाहणाऱ्या माणसांचे चेहरे. एक घर दिसलं, भांडी-कपड्यांनी भरलेलं, भांडणारं, जेवणारं. त्यात मी पाहुणी नव्हते.

ती उठली. कुणीतरी दारातून हाक मारली की मुली उठतात तशी – घाईने, कपडे सारखे करत. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मधल्या वाटेने चालत गेली, आणि दारापाशी धुकं होतं तिथे मला ती दिसेनाशी झाली. सूर कधी थांबला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तीच शांतता, तेच घर. त्यानंतरही तेच. चॅपल आता नुसतं थंड होतं.

मौनाचे दिवस संपले. आई आली तेव्हा तिने माझ्यासाठी मठात घालायचे पांढरे कपडे शिवून आणले होते. मोठ्या सिस्टरांसमोरच मी तिला सांगितलं. ती खुर्चीत बसली ती बसलीच.

"नवस मोडायचा?" तिने ते कपडे छातीशी धरले. "त्याने तुला परत नेलं तर?"

"आई, तू मला त्याला दिलंस. त्याने घेतलं. आता त्याच्या माणसाने तो सांगेल तिकडेच जायचं ना? मी विचारलं. तो घरी जा म्हणतोय."

"देव पोरं हिसकावत नाही, बाई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "इतकी वर्षं उगाच धाकात काढलीत."

आई बराच वेळ रडली. मग डोळे पुसून, कपड्यांची घडी पुन्हा घालत म्हणाली, "दुकानवाला परत घेईल का तुला?" तेव्हा मला कळलं की आईनेही श्वास सोडला.

ती सिस्टरांशी बोलत बसली आणि मी अंगणात आले. फाटकापाशी सूरवाला गाडीत हत्यारांची पेटी चढवत होता. काम संपलं होतं. मला पाहून तो थबकला.

"त्या दुपारी तुम्ही आतच होता," मी म्हणाले. "घाबरला नाहीत?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "असा आवाज आहे होय तुमचा..." मग भानावर येऊन म्हणाला, "घाबरलो ना. हातपाय गार पडले होते. पण तुम्ही बाहेर एकट्या, आणि मी पळून कसा जाणार? मग मीही प्रार्थना करत बसलो. लहानपणानंतर पहिल्यांदाच इतका वेळ."

"काय मागितलंत?"

"आधी म्हटलं, तिला सुखरूप ठेव. मग..." त्याने पेटीची कडी उगाचच उघडली, लावली. "मग तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही इथेच राहणार असाल तर मला गप्प राहायचं बळ दे म्हटलं. आणि नसाल तर... तर मी काय करू, असं विचारलं. रोज सकाळी येऊन विचारत होतो."

धुक्यातून ऊन झिरपत होतं. माझे कान तापले होते.

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मला काय विचारतोस? आधी तिला विचार."

मी फाटकाची कडी काढली. आईला यायला अजून वेळ होता.

"मग विचार ना," मी म्हणाले.