पिंगळ्याचा गळा

खिडक्यांना आतून ओल्या चादरी लावल्या, तरी घरगाडीत जीव नुसता घुसमटत होता. हे कसं काय?

चंद्रपूरच्या वाटेवर वैशाखाचं ऊन रटरटत होतं. गाडीचं गारवा-यंत्र सकाळीच धूळ खाऊन बंद पडलेलं. आणि साजिरीच्या मांडीवरच्या खोक्यात पंख मोडलेलं पिंगळ्याचं (बुटक्या घुबडाचं) पिल्लू! पक्ष्यांचा दवाखाना अजून लांब होता. पिल्लानं चोच वासली होती, गळा सारखा थरथरत होता.

"नाना, वाचेल ना हे?" साजिरीनं विचारलं.

"मी काही कमी ठेवलेलं नाही," गाडी चालवणारा यंत्रमानव गोटू म्हणाला. "चादरी भिजवल्या. खिडक्या गच्च लावल्या. गारवा बाहेर जायला नको!"

"फार शहाणा आहेस," नाना म्हणाले. साजिरीचे हे आजोबा जन्मभर प्रयोगशाळेत राबलेले. "साजिरी, ते गळा कशाला हलवतंय?"

"घाबरलंय?"

"उकडतंय. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. मग ते गळा हलवून आतला ओलावा वाळवतं. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. हे बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं)."

"मग चादरींचंही तेच की! तरी का उकडतंय?"

"तुझा घाम वाळतोय का?"

साजिरीनं मानेवरून हात फिरवला. चिकचिक, नुसती चिकचिक. तिचे डोळे मोठे झाले. "नाना, वाफ आतच कोंडलीय! हवेत आता आणखी मावतच नाहीये!"

"आर्द्रता (हवेतला ओलावा) वाढली की असंच होतं."

"गोटू, खिडक्या उघड!"

"बाहेर भट्टी आहे, ताई!"

"पण कोरडी भट्टी आहे ना? तीच हवीय. आणि टपावरची झडपही उघड!"

कुरकुरत गोटूनं सगळं उघडलं. कोरडा वारा ओल्या चादरींतून गार होऊन आत शिरला. आतली दमट, तापलेली हवा टपावरून बाहेर पळाली. साजिरी चादरींवर पाणी मारत राहिली, एक डोळा खोक्यावर ठेवून.

हळूहळू थरथर मंदावली. मग चोच मिटली. पिल्लानं पिवळे डोळे वटारून गोटूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" गोटू पुटपुटला. "मला घामच येत नाही, मला कसं कळणार?"

साजिरी खुदकन हसली. कितीतरी वेळानं.

"नाना, गाडीलाच असा गळा बसवला तर? ऊन वाढलं की आपोआप थरथरणारा?"

"बसव की," नाना चादरीपाशी मान टेकून म्हणाले. "मला मात्र तुझ्या गाडीत खिडकीची जागा हवी. उघड्या खिडकीची."